गडग्यावरचा कॅमेरा

“मेगापिक्सेल किती हवेत तेवढं सांगा, म्हणजे मी मोकळी झाले,” वहिनी म्हणाल्या आणि हातातली दोन पडवळं त्यांनी गडग्यावर ठेवली. पडवळं आमच्यासाठी होती, म्हणजे प्रश्न एका उत्तरात मिटणारा नव्हता.

आमच्या दोन घरांमध्ये जांभ्याचा कमरेएवढा गडगा आहे. दापोलीत असे गडगे गुरं आत येऊ नयेत म्हणून घालतात. वाडीतली गुरं गेली, गडगा राहिला, आणि आता त्याच्यावरून भाज्या, वर्तमानपत्रं आणि बातम्या ये-जा करतात. वहिनी हायस्कुलात गणिताच्या बाई होत्या, गेल्या साली निवृत्त झाल्या. माझं आयुष्य बाजारपेठेतल्या फोटो स्टुडिओत गेलं, त्यामुळे कॅमेऱ्याचा विषय निघाला की वाडीतली माणसं गडग्यापाशी येतात. फुकटात सल्ला मिळतो, वर चहा.

“फोन आहे की!” पडवीतून अण्णांचा आवाज आला. “त्याच्या पाठीला तीन-तीन डोळे आहेत. आणि आमच्या वेळेला क्लिक थ्री होता, एका रोलात बारा फोटो. त्या बारांत गणपती, मुंज आणि गाणगापूर, तिन्ही बसायचं.”

“बसायचं, पण त्यात माझं डोकं कापलेलं असायचं,” वहिनी म्हणाल्या.

अण्णा अगदीच चूक बोलत नव्हते. अंगणात लख्ख उजेड आहे, माणसं उभी आहेत आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचाय, एवढंच काम असेल तर फोन भरपूर झाला. फोन एका टिचकीत चार-सहा फोटो घेतो आणि त्यांचा मिळून एक करतो, म्हणून आकाशही दिसतं आणि सावलीतलं तोंडही. अडतं कुठे? पडवीत संध्याकाळी नातू धावतोय तिथे. माडाच्या झावळीवर खंड्या बसलाय तिथे. आणि ते ‘पोर्ट्रेट’ नावाचं प्रकरण, ज्यात मागचं धूसर करता करता फोन वेणीतली दोन फुलंही पुसून टाकतो, तिथे.

“मला नातू हवाय आणि खंड्या हवाय,” वहिनी म्हणाल्या. “आता मेगापिक्सेल सांगा.”

“तुम्हीच काढा. आठ बाय बारा इंची फोटो भिंतीवर लावायचा. छापताना इंचाला ३०० ठिपके धरा.”

त्यांनी हवेतच गुणाकार केला. “२४०० गुणिले ३६००. शहाऐंशी लाख चाळीस हजार. म्हणजे नऊसुद्धा नकोत?”

“नकोत. आजच्या साध्यात साध्या कॅमेऱ्याला वीस-चोवीस असतात. फोर-के टीव्हीच्या पडद्यावर साधारण त्र्याऐंशी लाख ठिपके मावतात, बाकीचे तिथे दिसतसुद्धा नाहीत. कोडॅकच्या स्टीव्ह सॅसननं १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तो शंभर बाय शंभर ठिपक्यांचा होता. एक फोटो कॅसेटवर उतरायला त्याला २३ सेकंद लागायचे.”

“शंभर बाय शंभर म्हणजे दहा हजार. म्हणजे मेगापिक्सेलचा शंभरावा भाग,” वहिनींनी शेरा मारला. “मग दुकानदार हाच आकडा का ओरडून सांगतात?”

कारण तो सांगायला सोपा. विचारायचा आकडा दुसराच असतो, सेन्सरच्या लांबी-रुंदीचा. चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर साधारण १० बाय साडेसात मिलिमीटर भरतो. ज्याला एपीएस-सी म्हणतात तो साडेतेवीस बाय साडेपंधराच्या आसपास. वहिनींनी भागाकार करून पाचपट क्षेत्रफळ असल्याचं जाहीर केलं. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४, आपल्या जुन्या ३५ मिलिमीटर रोलची चौकट.

“मग तोच घेऊ या! कोपऱ्यावरच्या दादांकडे तोच आहे ना?”

आता दादांचा विषय निघाला म्हणजे आवाज आपोआप खाली आला. दादांनी मुलाच्या लग्नाच्या वेळी फुल फ्रेम घेतला, बरोबर सत्तर-दोनशेची मोठी पांढरी लेन्स. सगळं मिळून गळ्यात दोन किलोंच्या वर. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मानेला पट्टा आला तो कॅमेऱ्याचा नाही, डॉक्टरांनी दिलेला. तेव्हापासून कॅमेरा चामडी पेटीत, पेटी कपाटात, आणि कपाट वायव्येच्या ओल्या खोलीत.

“मागच्या महिन्यात त्यांनी उघडून बघितला म्हणे,” वहिनी कुजबुजल्या, “तर आतून सगळं अंधूक. बुरशी लागली. आता विकायचा म्हणतात.”

“बुरशीचं मला आश्चर्य नाही. चामडी पेटी, अंधार आणि कोकणातला आषाढ. तिला आणखी काय हवं?”

म्हणून पहिला नियम मी त्यांना तोच सांगितला: जो कॅमेरा भाजी आणायला जाताना पिशवीत टाकता येत नाही, तो रोजच्या फोटोंसाठी घेऊ नये. एपीएस-सीचा आरसा नसलेला, म्हणजे मिररलेस कॅमेरा, लहान लेन्ससकट पाऊण किलोच्या आत बसतो. दुसरी अट वहिनींनी स्वतः घातली. त्यांना डोळा लावून बघायचं भिंग हवं होतं, कारण दुपारच्या उन्हात पाठीमागच्या पडद्यावर स्वतःचंच तोंड दिसतं. या एका अटीत बरीच नावं गळतात. निकॉनचा झेड ३० आणि सोनीचा झेडव्ही-ई१० चांगले आहेत, पण दोघांना व्ह्यूफाइंडर नाही. ते मुख्यतः व्हिडिओवाल्यांसाठी केलेत. उरले कॅननचा आर ५०, निकॉनचा झेड ५०, सोनीचा ६४००. फुजीही आहे, पण त्याच्या एक्स१०० मालिकेला लेन्स बदलता येत नाही, मग खंड्याचं काय करायचं? या तिघांत मी कंपनीवरून वाद घालत बसत नाही. हातात धरून बघावा, बोटं जिथे आपोआप पडतात तो घ्यावा.

लेन्सवर मात्र आम्ही तीन संध्याकाळी घालवल्या आणि त्या वाया गेल्या नाहीत. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या लेन्सवर ३.५-६.३ असं काहीतरी लिहिलेलं असतं. वहिनींनी विचारलं, हे काय?

“लेन्सची फोकल लांबी भागिले आतल्या भोकाचा व्यास. ५० मिलिमीटरच्या लेन्सला २५ मिलिमीटरचं भोक, तर एफ २.”

“म्हणजे व्यास छेदात. मग आकडा लहान तितकं भोक मोठं.” त्या थांबल्या. “पुढचे आकडे काय असतात?”

मी सांगितले: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. वहिनींनी विटकरीच्या तुकड्यानं ते गडग्यावर ओळीत लिहिले आणि कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या. अण्णा म्हणाले, भात लागलाय. त्यांनी ऐकलं नाही.

“हे वर्गमूळ दोननं गुणत गेलेत हो! व्यास १.४१ नं भागला की क्षेत्रफळ निम्मं. म्हणजे दर घराला उजेड निम्मा होतो!”

स्टुडिओत माझ्याकडे किती पोरं शिकून गेली, सगळ्यांनी ही माळ घोकून पाठ केली. का, हे एकानंही विचारलं नव्हतं. वहिनींनी मग तिथल्या तिथे पुढचं गणितही केलं. किटमधली लेन्स पुढे ताणली की ६.३ वर जाते. ४० मिलिमीटरची एफ २ लेन्स घेतली तर ६.३ भागिले २, त्याचा वर्ग, जवळजवळ दसपट उजेड. “मग दादांनी त्या मोठ्या धुडाऐवजी ही एक लहान लेन्स घेतली असती तर?”

“तर मान वाचली असती.”

अण्णांचा आग्रह मुंबईत फोर्टला बोरा बाजारात जाण्याचा होता. तिथे कॅमेऱ्यांची दुकानं ओळीनं आहेत आणि घासाघीस करायला अण्णांना निमित्त लागत नाही. मी एवढंच म्हटलं, की बिल आणि भारतातली कंपनीची वॉरंटी हातात पडत असेल तरच. बाहेरच्या बाहेर आलेला माल स्वस्त पडतो, पण बिघडला की अधिकृत केंद्रात आपल्याला कोणी विचारत नाही. शेवटी वहिनींना पुण्यात एक वापरलेला झेड ५० सापडला. दोन लेन्स, १६-५० आणि ५०-२५०, खोकं आणि बिल सगळं होतं. बघायला गेला त्यांचा मुलगा, आणि मी इकडून गडग्यावर स्पीकर लावून सूचना सोडत होतो. लेन्समध्ये मागून टॉर्च मार आणि समोरून बघ, कोळ्याच्या जाळीसारख्या रेघा दिसतात का. भोक १६ वर आण, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढ, काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ. एक जेपेग फोटो मला पाठव, पण व्हॉट्सॲपवर नको, मेलनं. निकॉन प्रत्येक फोटोच्या माहितीत शटर किती वेळा पडलं तो आकडा लिहून ठेवतो, व्हॉट्सॲप तो पुसतं. आकडा नऊ हजारांच्या घरात निघाला. साध्या कॅमेऱ्याचं शटरसुद्धा लाखाच्या हिशेबानं केलेलं असतं, म्हणजे हा अजून बालवाडीतच.

एसटीच्या पार्सलनं मागवायचा अण्णांचा विचार मी हाणून पाडला. श्रावणात मुलगाच घेऊन आला.

आता खरं काम. लोक कॅमेरा निवडण्यात दोन महिने घालवतात आणि आणल्यावर हिरव्या ‘ऑटो’वर ठेवून देतात, हे मला आजवर समजलेलं नाही. एक अख्खी संध्याकाळ कॅमेरा लावण्यात घालवली, तर दहा-वीस हजारांनी महाग कॅमेरा जे देणार नाही ते मिळतं. गडग्यावर अण्णांचा पंचा चौघडी घालून अंथरला, त्यावर कॅमेरा. त्याआधी पट्टा वहिनींच्या गळ्यात. जांभा दगड कोणाची भीड ठेवत नाही.

चालू केल्याबरोबर पडद्यावर काहीतरी इशारा आला आणि वहिनी घाबरल्या, “फसवलं हो पोराला!” काही नव्हतं. ही लेन्स मिटून ठेवायची आहे, कडं फिरवून उघडल्याशिवाय ती कामच करत नाही.

मग मी म्हटलं, भिंगात बघा. त्या म्हणाल्या, सगळं पुसट आहे. भिंगाच्या कडेला एक इवलं चाक असतं, डोळ्याच्या नंबराचं. आतल्या अक्षरांकडे बघत ते फिरवायचं. आकडे काळेशार दिसले की थांबायचं. वहिनींनी चष्मा लावून फिरवलं आणि म्हणाल्या, “अगंबाई, हे कोणी सांगतच नाही.” खरंच सांगत नाही. या चाकाचा फोटोवर काही परिणाम होत नाही, पण ते चुकलं की माणूस लेन्सला शिव्या घालत बसतो.

तारीख-वेळ लावली. हे फालतू वाटतं, पण नातवाचे फोटो पुढे सालावार लावायचे तेव्हा हीच तारीख कामाला येते. बॅटरी फार दिवस काढून ठेवली तर पुन्हा तपासायची. टीं-टीं आवाज बंद केला, खंड्याला कान असतात. आणि एक कुलूप लावलं, जे सगळ्यांनी लावावं: कार्ड नसेल तर शटर पडूच द्यायचं नाही. नाहीतर कॅमेरा खुशाल खटाखट चालतो, आरती संपते, आणि कार्ड लॅपटॉपला लावलेलंच असतं. कार्ड ६४ जीबीचं, वर व्ही ३० लिहिलेलं घेतलं, आणि ते पुसायचं ते कॅमेऱ्यातच, फॉरमॅट करून.

“रॉ की जेपेग?” वहिनींनी कुठेतरी वाचलं होतं.

“रोजचं जेपेग, मोठ्या आकाराचं, फाइन. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा. रॉमध्ये १४ बिट.”

“दोनाचा चौदावा घात, १६३८४,” त्या लगेच म्हणाल्या, आणि मोहात पडल्या. मी आवरलं. त्या सगळ्या छटा नंतर बसून संगणकावर कोणाला तरी काढाव्या लागतात. गणपतीच्या दिवशी दोन्ही ठेवा, पडवळाच्या वेलाला जेपेग पुरे.

मोडच्या चकतीवर ‘ए’ लावलं. भोकाचा आकडा आपण द्यायचा, शटरचा वेग कॅमेरा बघून घेतो. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ऑटोवर, पण दोन बंधनं घालून: ६४०० च्या वर जायचं नाही, आणि शटर १/१२५ च्या खाली येऊ द्यायचं नाही. हे दुसरं बंधन सगळ्यात मोलाचं. कॅमेरा मोकळा सोडला तर संध्याकाळी तो १/३० वर उतरतो आणि नातवाच्या जागी नुसता सदरा हलताना येतो. वहिनींनी विचारलं, लेन्समध्ये हात हलू नये म्हणून सोय आहे ना? आहे, पण ती तुमच्या हाताला आवरते. नातवाला आवरणारी कळ अजून निघालेली नाही. फोटोत दाणे आले तर येऊ द्यावेत. हललेल्या फोटोवर इलाज नाही.

मग पहिला फोटो अण्णांचा. पांढरा सदरा, मागे चुन्याची भिंत. अण्णा राखाडी आले.

“धुतलेला आहे सदरा,” अण्णा म्हणाले, जरा लागूनच.

कॅमेऱ्याचं मीटर असं गृहीत धरतं की समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी आहे. सगळंच पांढरं दिसलं की ते उजेड कमी करतं. काळी म्हैस भरून दिसली की वाढवतं. दोन्ही राखाडीच निघतात. त्यासाठी अधिक-उण्याचं बटण. पांढऱ्याला अधिक एक, म्हशीला उणे एक. अधिक एक म्हणजे उजेड दुप्पट, हे वहिनींना सांगावं लागलं नाही. दुसऱ्या फोटोत सदरा धुतलेला निघाला आणि अण्णा उठून आत गेले, बहुतेक इस्त्रीचा घालायला.

देवळाच्या सभामंडपात यंदा एलईडीच्या माळा लावल्यात, तिथे फोटोत आडवे काळे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. डोळ्याला दिसत नाही, १/५०० च्या शटरला दिसतं. फ्लिकर रिडक्शन चालू करावं, किंवा शटर १/१०० वर आणावं. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर तर तिथे वापरूच नये. ढोलाची टिपरंसुद्धा त्यात वाकडी येतात. समईसाठी व्हाइट बॅलन्सच्या ऑटोमध्ये उबदार रंग राखणारा एक पोटप्रकार आहे, तो लावला. नाहीतर कॅमेरा समईचा पिवळेपणा दोष समजून पुसून काढतो.

शेवटी चकतीवरचे यू १ आणि यू २. आपण केलेली सगळी जुळणी त्यात साठवता येते. यू १ ला नातू: शटर १/२५० च्या खाली नाही, फोकस चेहऱ्याच्या मागे सतत धावणारा. यू २ ला खंड्या: १/१०००, सलग फोटो, फोकसचा एकच ठिपका मधोमध, कारण हा कॅमेरा माणसांचे डोळे ओळखतो, पाखरांचे नाही. वहिनींनी पांढऱ्या टेपचे दोन तुकडे पिशवीच्या आत चिकटवून त्यावर ‘ना’ आणि ‘खं’ लिहिलं.

“ठेवू कुठे? तांदळाच्या डब्यात?”

“पीठ जाईल आत. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक लहानसं आर्द्रता-मापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. आणि डबा महिनाभर बंद ठेवू नका. वापरता कॅमेरा बुरशीला आवडत नाही.”

गणपतीत वहिनींच्या गळ्यात कॅमेरा बघून दादांनी आपली चामडी पेटी आणली. लेन्सच्या कडेला बुरशीचा एक नखाएवढा डाग होताच. पण तेवढ्या डागानं सगळं अंधूक होत नाही, फार तर दिव्यासमोर फोटो जरा फिकट येईल. वहिनींनी भिंगाला डोळा लावला, कडेचं चाक चाचपून फिरवलं आणि कॅमेरा दादांकडे दिला. “आता बघा. चष्म्याचा नंबर कधी बदललात?”

दादांनी बघितलं. मग मोदकाच्या ताटावर रोखून बघितलं, मग आमच्यावर. म्हणाले, सगळं स्वच्छ दिसतंय, आता कशाला विकायचा?

दादा फाटकाबाहेर जाईपर्यंत अण्णा गप्प होते. मग वहिनींकडे वळून म्हणाले, “तुला काय गरज होती चाक फिरवायची? मी त्याला निम्म्या भावावर आणला होता.”